गयासचं नाक

गाडीतला पेट्रोलचा वास कुठनं येतो ते शोधून दिलं असतं, तर गयासची बिलापेक्षा मोठी कमाई होती. नुसत्या नाकानं पेट्रोलची गळती पकडणारा मिस्त्री, असं त्याचं उस्मानपुऱ्यात नाव होतं, ते आणखी वर गेलं असतं. पण तात्यासाहेबांच्या पन्नास वर्षांच्या गाडीनं त्याला पार चक्रावून टाकलं. पाइप बदलले, टाकीचं झाकण बदललं, सांध्यांवर पावडर भुरभुरून ओल शोधली, पावडर कोरडीठाक. तरी तात्यासाहेबांच्या पत्नी आशाबाई तिसऱ्या खेपेलाही गाडीत बसल्या आणि नाकाला पदर लावून म्हणाल्या, "येतोय अजून."

तात्यासाहेब चहा सांगायला गेले, तसा गयास खिडकीशी वाकला. "भाभी, खरं सांगा. मला तर काहीच वास येत नाय."

"मलाबी नाय येत," आशाबाई म्हणाल्या. "परवा हर्सूलला यांना समोरची म्हैस दिसली नाय. डोळ्यांचं नाव काढलं की ताटावरून उठतात. गाडीत खोट आहे म्हटलं की मुकाट्यानं तुमच्याकडं आणतात."

तात्यासाहेब परत आले. गयासनं बॉनेटखाली डोकं घालून मोठा श्वास घेतला.

"वास आहे साहेब. कुठनं येतो ते कळत नाय. गाडी इथंच राहू द्या."

दिवाळी आली तरी गाडी तिथंच होती. तात्यासाहेब रिक्षानं फिरत आणि भेटेल त्याला सांगत, की गयासचं नाक कामातून गेलं. एकदा त्यांनी ते गयासलाही तोंडावर ऐकवलं.

"व्हय साहेब," गयास म्हणाला, "वय झालं आता."