शनिवारच्या चादरी

त्या रविवारी चर्चमध्ये वास आला नाही.

आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग फिलोमेना काकूंनी नाकावरचा रुमाल काढला, हवा हुंगली आणि पुढच्या बाकावर बसलेल्या बुर्गलच्या पाठीत बोट टोचलं. "घे बाई. तू तोंड उघडलंस आणि गावाचं नाक मोकळं झालं."

बुर्गल हसली. टिरोलमधल्या त्या डोंगरगावात जून लागल्यापासून दर रविवारी खालच्या मैलापाण्याच्या टाकीतून कुजका वास वर चढायचा आणि ऐन मिस्साच्या वेळी चर्चमध्ये शिरायचा. टाकीतले घाण खाणारे जंतू दर आठवड्याला मरत होते. कशाने मरतात, ते बुर्गलनेच गावाला सांगितलं होतं. व्हिगिलच्या चीजच्या कारखान्यातल्या आंबट पाण्याने. व्हिगिल म्हणाला, ते पाणी मी डुकरांना घालतो. "मग डुकरांना आणतोस का साक्षीला?" असं तिने भर सभेत विचारलं होतं आणि सगळी सभा हसली होती. शेवटी सरपंचांनी त्याला कारखान्यातून टाकीत येणारी नळी बुजवायची धमकी दिली होती.

बुर्गलच्या शब्दाला वजन होतं. तिच्या पाहुणघराइतकं स्वच्छ घर अख्ख्या खोऱ्यात नव्हतं. दर शनिवारी जुने पाहुणे जायचे, नवे यायचे आणि दुपारी तिच्या दोरीवर बर्फासारख्या पांढऱ्या चादरी फडफडायच्या. कुणाच्या घरी आजारपण आलं की तिथलं धुणंही मागच्या दाराने तिच्याकडेच जायचं. ते कुणाचं, हे तिच्या तोंडून कधी कुणाला कळलं नाही.

मांडीवरचा हात ठणकला. शुक्रवारी जिन्यात पाय घसरून मनगट मुरगळलं होतं. काल चादरी तशाच टोपल्यांत राहिल्या. नव्या पाहुण्यांसाठी तिने पेटीतल्या, लग्नातल्या चादरी काढल्या. संडासांतही काही ओतलं नाही. ब्लीचचा कॅन उघडलासुद्धा नाही.

फादर पुढे काय बोलले ते तिला ऐकू आलं नाही.

एखादा रविवार जातो बिनवासाचा, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. पण या उन्हाळ्यात एकही गेला नव्हता. आणि काल व्हिगिलच्या कारखान्याच्या धुराड्यातून नेहमीसारखा धूर निघत होता. तिने तो पाहिला होता, आणि उद्या वास आहेच मग, असं मनात म्हटलंही होतं. तिने मान वळवली. व्हिगिल शेवटच्या बाकावर बसला होता. त्याच्या शेजारी कुणी नव्हतं.

बाहेर पायऱ्यांवर सरपंचांनी तिला गाठलं. "नुसत्या धमकीने एवढा फरक पडला. उद्या त्याची नळीच बुजवून टाकू, कायमची." नळी बुजली की कारखाना बंद, हे दोघांनाही माहीत होतं. "काय बुर्गल, बरोबर ना?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"ते मी मारले," ती म्हणाली.

"काय मारलंस?"

"जंतू. ब्लीच ओतून. दर शनिवारी. व्हिगिलचा काही संबंध नाही."

ती हळूच बोलली होती, पण पायऱ्यांवर सगळ्यांना ऐकू गेलं. "अगं बाई," फिलोमेना काकू म्हणाल्या, "म्हणजे गावातलं सगळ्यात स्वच्छ घर..." वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. मागे कुणीतरी हसलं. डुकरांच्या वेळी हसलं होतं, तसंच. बुर्गलचे कान पेटले. माफी मागायला तिने व्हिगिलला शोधलं, तर तो केव्हाच निघून गेला होता.

तो टाकीपाशी सापडला. अंगात रविवारचा कोट, पायात गोठ्यातले बूट. दुधाच्या कॅनमधून तो टाकीत काळपट गाळ ओतत होता.

"विरजण आहे, जिवंत जंतूंचं," तो मागे न बघता म्हणाला. "खालच्या गावच्या टाकीतलं. पहाटेच आणलं."

"आजच कसं?"

"काल तुझी दोरी रिकामी दिसली. म्हटलं, या खेपेला लागेल."

तिला अर्थ लागायला थोडा वेळ गेला. आता चेहराही पेटला.

"म्हणजे तुला ठाऊक होतं."

"दोनदा सांगायला आलो होतो. दोन्ही वेळा तू उंबरा घासत होतीस." त्याने कॅन उपडा करून थोपटला. "मग परत गेलो."

"मी सभेत तुझी डुकरं काढली, व्हिगिल. कारखाना गेला असता तुझा. तिथे तरी बोलायचंस."

व्हिगिलने कॅनचं झाकण लावलं.

"आईच्या शेवटच्या दोन वर्षांत तिच्या चादरी तू धुतल्यास," तो म्हणाला. "दोरीवर एकही कधी दिसली नाही. सगळ्या पोटमाळ्यावर वाळवायचीस. का, ते मी तुला कधी विचारलं?"