चोवीस विरुद्ध चोवीस

"तुमची माणसं खरी असतील तर समोर आणून उभी करा. नाहीतर उद्यापासून आमचे चोवीस यायचे बंद," असं पूर्णिमानं लिहून पाठवलं, तेव्हा अभिनंदनचं डोकंच फिरलं.

ही बाई त्याला जिवंत सोडणार नव्हती. पूर्णिमा मच्छेची, तिची काजूची वेबसाइट. अभिनंदन निपाणीचा, आणि त्याची बायको निशा हिची बिनकांद्याच्या, बिनलसणाच्या चटणीची. दोघांनी आपापलं ऑनलाइन मंडळ काढलं होतं, प्रत्येकी चोवीस सभासदांचं. करार साधा होता. आमच्या माणसांनी रोज तुमची वेबसाइट उघडायची, खाली नाव-गाव घालून दोन शब्द लिहायचे. तुमच्या माणसांनी आमची. शिवाय आपल्या मंडळाची वेबसाइट ज्यानं त्यानं बघायचीच. भेटी वाढल्या की वेबसाइट वर येते, वर आली की गिऱ्हाईक येतं, असं कुणीतरी सांगितलं होतं.

पण पूर्णिमाची कटकट संपेना. निपाणीवाले नुसतं 'छान' लिहितात. निपाणीवाले सगळे सकाळी सात ते नऊमध्येच उगवतात. मग अभिनंदनही ऐकवायचा, तुमच्या राजाबाईंना आणि महादेवला एकाच मिनिटाला कशी काय आठवण येते? मंडळाचं सगळं निस्तरायला तो एकटा. रोज सकाळचे दोन तास त्यातच मातीत जायचे.

सोडूनही देता येत नव्हतं. चिकोडीच्या शाळेतली नोकरी सोड म्हणून निशाला त्यानंच भरीला घातलं होतं. वर्ष होत आलं, ऑर्डरी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. तरी ती रोज दहाला चहाचा कप घेऊन बसायची आणि भेट देणाऱ्यांची नावं मोठ्यानं वाचायची.

"आपल्या मंडळातले ते लोंढ्याचे परशराम आप्पा बघा, एक दिवस चुकवत न्हाईत. असं एक माणूस असलं तरी लई बळ येतंय."

गेल्या आठवड्यात मात्र तिनं स्पष्टच सांगितलं होतं. रोजच्या भेटी चाळीसच्या वर आहेत तोवर चटणी. एक दिवस जरी खाली आल्या तरी शाळेत परत. हेडबाईंनी जागा महिनाअखेरपर्यंत धरून ठेवली होती.

म्हणून त्यानं "मंजूर" असं लिहून टाकलं. ठिकाण दोघांच्या मधलं, संकेश्वर. स्टँडजवळ भरमाचं हॉटेल, त्यावरचा हॉल. रविवारी एक वाजता भरमानं आधार कार्ड बघून डोकी मोजायची. ज्याची कमी भरतील त्यानं मंडळ बंद करायचं.

अभिनंदन साडेबारालाच पोचला.

"बर्री सर, या या," भरमानं खुर्ची पुढं केली. "माणसं कुठं हायत?"

"येत्यात. गाडी केलीया."

पन्नास खुर्च्या मांडलेल्या होत्या. जिना वाजला की अभिनंदन दचकून दाराकडं बघायचा. शर्ट पाठीला चिकटला होता. पूर्णिमाचा, मंडळाचा, तिच्या त्या काजूंचा, त्याला सगळ्याचाच वीट आला होता.

एकला पाच कमी असताना पूर्णिमा आली. एकटीच. आल्या आल्या खुर्चीत बसली.

"तुमची माणसं?" अभिनंदननं विचारलं.

"न्हाईत, अण्णा."

"मागनं येत्यात?"

"न्हाईतच. पयल्यांदा धा-बारा बायका खरंच होत्या. मग कुणाला वेळ न्हाय, कुणाचा मोबाइल पोरानं घेतला. एकेक गळाली. मी त्यांच्या नावानं लिवत गेले. राजाबाई मीच, महादेव बी मीच."

"मग माणसं आणा म्हणून मलाच कशापायी डिवचलं?"

"वाटलं, तुमी न्हाई म्हणशीला. तुमी तर लगेच मंजूर लिवलं."

अभिनंदन उठून उभाच राहिला. इतक्या महिन्यांचा राग एकदम उफाळून आला. "जनाची न्हाई, मनाची तरी लाज हाय का? आमी मान मोडून रोज तुमचं काजू बघायचं, आणि तुमी आमास्नी खोटी माणसं धाडायची? न्याय म्हणून काय हाय का न्हाई?"

भरमानंही मान हलवली.

"चुकलं अण्णा," पूर्णिमा म्हणाली. "तुमची माणसं यायच्या आत जाते. त्यास्नी तोंड दाखवायचं न्हाई मला."

"आधी त्या नावांची खाती काढून टाका. आत्ता, माझ्यासमोर."

तिनं मोबाइल काढला. एकेक नाव पुसत गेली. अभिनंदन शेजारी उभा राहून मोजत होता. चोवीस संपल्यावर त्यानं खिडकीशी जाऊन फोन कानाला लावला. "आप्पा, गाडी वळवा. यायची गरज न्हाई. जिंकलो आपण."

जाताना पूर्णिमानं पिशवीतून काजूचं पाकीट काढून त्याच्या हातात दिलं. "परशराम आप्पांस्नी द्या. माझ्याबी वेबसाइटवर कधी खाडा केला न्हाई त्यांनी."

घरी निशा दारातच होती. "आपली चोवीसच्या चोवीस माणसं खरी निघाली?"

"व्हय."

"मग परशराम आप्पा भेटले असतील. कसे हायत हो?"

"उंच हायत," अभिनंदन म्हणाला. "आणि लई साधे."

ती हसली, आणि उद्या नावं वाचताना आता तोंडं आठवतील म्हणाली.

सोमवारी सकाळी सातला अभिनंदननं मागच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि कॉम्प्युटर सुरू केला. पाकीट फोडून दोन काजू तोंडात टाकले, आणि परशराम, लोंढा या नावानं निशाच्या वेबसाइटवर 'छान' असं लिहिलं. मग बाकीची तेवीस नावं नेहमीच्या क्रमानं उरकली. दहाच्या आत अजून सतरा माणसं लागणार होती. थोडा वेळ विचार करून त्यानं नवीन खातं उघडलं आणि नाव घातलं: राजाबाई, मच्छे.