तिचा आकडा

उत्तरा मला सहा वर्षांनी ज्युनिअर. पण क्षयरोगावरच्या तिच्या एका रिसर्च पेपरचा दाखला जो तो देत होता आणि माझे बावीस पेपर कुणी उघडतही नव्हतं. दिल्लीतल्या द्वारकेहून मेट्रोत बसलो की मी आधी फोनवर तिच्या सायटेशनचा, म्हणजे किती पेपरांनी तिचा दाखला दिला त्याचा, आकडा बघायचो आणि दिवस नासायचा. शेवटी तिच्या पेपरातल्या चुका दाखवणारे पेपर लिहायचा मी सपाटाच लावला.

आज ती पेढे घेऊन माझ्या केबिनमध्ये आली. “सर, प्रमोशन झालं! शंभर सायटेशन लागत होती, ती झाली.”

“अच्छा? शंभरावं कुणाचं?”

“तुमचंच. त्याआधीची तेराही तुमचीच. टीका असली तरी मोजतात ना, सर.” तिनं बॉक्स पुढे केला. “दोन घ्या.”