पिक्चरच्या पुढचं

"मंग थे टेसनावर आली," केशरबाई म्हणाली आणि खुरपं जमिनीत टेकवून जरा थांबली. "कडेवर पोरगी, हातात पिशवी. गाडी उभीच होती. बसली गाडीत अन् गेली आपल्या मायच्या घरी. मायनं दार उघडलं. झालं."

"बरं झालं व माय," शकुन म्हणाली.

तिवशाजवळच्या त्या सोयाबीनमध्ये बाया ओळीनं निंदत बसल्या होत्या. प्रत्येकीची आपली पात, म्हणजे वाट्याची ओळ, आणि जिची मागे पडेल तिची सगळ्यांत शोभा. केशरबाईला मात्र सूट होती. ती रात्री टीव्हीवर लागलेला पिक्चर सांगायची, आणि तिच्या दोन्ही अंगांच्या बाया पुढे सरकता सरकता तिच्या पातीतलंही गवत उपटायच्या. हा रिवाज कुणी पाडला ते कुणाला आठवत नव्हतं. निंदण उक्तं, म्हणजे एकराचा दर ठरवून, घ्यायला लागल्यापासून म्हाताऱ्या हातांना कुणी विचारेनासं झालं होतं. तरी बाया गोळा करणारी सत्यवती रोज सकाळी केशरबाईच्या दारात हाक मारायची, ती या पिक्चरपायी.

आवड ज्याची त्याची. सत्यवतीला मारामारी लागे, आणि मार ज्याला बसायला पाहिजे त्यालाच बसावा हा तिचा आग्रह. शकुनला लेकरंबाळं असलेलं हवं. एकीला तर शेवटी सासू सुधारलेली ऐकायची असे. तेवढं काही केशरबाईला कधी जमलं नाही. केशरबाईला स्वतःला काय आवडतं, हे कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर ती म्हणाली असती, पाठ टेकायला.

"आजी, असं नाही झालं," रागिणी म्हणाली.

ही सत्यवतीची नवी सून, अकोल्याची. आज पहिल्यांदाच निंदायला आली होती. "म्या पाह्यला ना थो मोबाइलवर. थे गाडीत बसतच नाही. टेसनावरच मरते."

बायांचे हात थांबले.

"मरते?" सत्यवतीनं विचारलं. "मंग केशरबाई आमाले खोटं सांगून राह्यली होती का?"

खोटं केशरबाईनं सांगितलं नव्हतं. खरं काय ते तिला ठाऊकच नव्हतं. भाकरी, भांडी उरकून ती टीव्हीपुढे भिंतीला टेकून बसे, आणि पडद्यावरची बाई संकटात सापडेपर्यंत इकडे हिचे डोळे मिटलेले असत. कैक पिक्चर तिनं अर्धेच पाहिले होते. उरलेलं ती सकाळी चूल पेटवता पेटवता जुळवायची. कुणाला मारायचं तिच्या जिवावर यायचं, म्हणून सगळ्या जगायच्या.

"तूच सांग मंग आता, बराबर," सत्यवती सुनेला म्हणाली. सुनेचं कौतुक तिला लपवता आलं नाही.

रागिणीनं सांगितलं, आणि चांगलं सांगितलं. कुणी कुठलं लुगडं नेसलं होतं, गाणं कुठं लागलं, नवरा किती उशिरा पोचला, सगळं तिला पाठ होतं. बाया ऐकत ऐकत पुढे सरकल्या. केशरबाईच्या पातीत कुणाचाच हात आला नाही. ती एकटी केना उपटत राहिली. ओढला की तो तुटून हातात येई आणि मूळ आतच राही. मग खुरप्यानं पुन्हा खणावं लागे. तिला राग आला नाही. फार वाईट मात्र वाटलं. पोरीचं काही चुकलं नव्हतं, आणि उद्या सकाळी दारात हाक येणार नव्हती.

"केशरबाई, पात मागं राह्यली तुही," सत्यवतीनं समोरून आवाज दिला. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच.

"हाव, येतो," केशरबाई म्हणाली.

तिकडे रागिणी शेवटाला आली होती. "मंग नवरा पयत पयत येते. पण थे तं मेली राह्यते. बाजूले पोरगी बसून. संपला."

कुणी चुकचुकलं, कुणी नाक ओढलं. शकुन तशीच रागिणीकडे पाहत राहिली.

"अन् पोरीचं काय झालं?"

"कोणत्या पोरीचं?"

"अवं, तिच्या. बाजूले बसली होती तिचं."

"थे नाही दाखोलं."

"काहून?"

"संपला ना पिक्चर, काकू."

"मेल्या मायच्या बाजूले लेकरू बसवून संपते का कुठं पिक्चर?" शकुन म्हणाली. ती उठली. आपली पात तशीच टाकून ती मागे आली आणि केशरबाईच्या समोर बसून तिच्या पातीतलं गवत उपटू लागली.

"केशरबाई, तू सांग. काय झालं त्या पोरीचं?"

केशरबाईला आता जुळवलेलं रेटायचं बळ नव्हतं. "मले नाही माईत व माय. मी झोपली होती."

सगळ्या बाया हसल्या. रागिणी सगळ्यांत मोठ्यानं, पण मनात काही न ठेवता. शकुन तेवढी हसली नाही.

"झोपली तं झोपली," ती खाली मान घालून म्हणाली. "सांग."

केशरबाईनं पदरानं तोंड पुसलं. तिला इतका थकवा आला होता की तिथंच शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, आडवं व्हावं. समोर शकुनचे हात भराभर चालले होते.

"मोठी झाली थे," केशरबाई म्हणाली. "तुह्याएवढी झाली. आता निंदाले येते."