एकोणीस, आठ आणि मी

"टीचर, कुराणात एकोणीसचा कोड आहे, हे खरंय का?"

हे विचारून दाखवलं तर माझी मैत्रीण वृषाली मला प्लेटभर लोचो, म्हणजे आमचा सुरती चणाडाळीचा गरम नाश्ता, खिलवणार होती. पण मला उत्तर खरंच हवं होतं. माझी जन्मतारीख सतरा, एक आणि सात आठ, आणि आठ मला वाईट; म्हणून सायन्स नको, कॉमर्स द्या, असं एका अंकशास्त्र्याने पप्पांना सांगितलं होतं. पप्पांनी ते मानलंही होतं!

सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघायला लागला. आमच्या गणिताच्या नसीम टीचर मात्र हसल्या.

"मोबाइलवर बघितलंस ना? अरबीत पूर्ण बिस्मिल्लाहची अक्षरं एकोणीस भरतात, मीही मोजलीत. पण पुढे लोक हवा तो शब्द धरतात, नको तो सोडतात. असं केलं की कुठलाही आकडा कुठेही सापडतो गं."

"मग तुम्ही कुराण वाचता ते?"

"विश्वास आहे म्हणून वाचते. तुमच्या पेपरासारखं तपासायला नाही!"

संध्याकाळी पप्पा कारखान्यातून आले. मम्मी साडीला टिकल्या चिकटवत बसली होती.

"पप्पा, कॉमर्स इंग्रजीत लिहा आणि अक्षरं मोजा."

पप्पांनी बोटांवर मोजली. "आठ!"

"ओ माय!" मम्मीच्या हातातली टिकली भलतीकडेच चिकटली.

पप्पा घाबरून म्हणाले, "मग आर्ट्स घेऊ या का?"

"नाही पप्पा. सायन्सची अक्षरं कितीही भरोत, मला गणित आवडतं. मी सायन्स घेतेय."