तीन झेंडे

फ्लेक्स हर्षलने लांबूनच ओळखला. घोटीच्या पुढच्या त्या गावात, देवळासमोरच्या दोन खांबांना बांधून रावजीचा दहा फुटी फोटो लावला होता. गटार साफ करताना चेंबरमधून छातीपर्यंत वर आलेला, केसांपासून मिशांपर्यंत काळ्या घाणीने माखलेला रावजी. फ्लेक्सवाल्याने तोंड जमेल तेवढं उजळवलं होतं. फोटोवरच्या तीन तिरंग्यांना मात्र त्याने हात लावला नव्हता. वर 'गावाचा अभिमान' आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात 'हर्षल क्लिक्स'.

फोटो हर्षलचा होता. झेंडेही त्यानेच चिकटवले होते.

कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर झेंडा कशाकशाला लावायचा, हे न बोलता ठरून गेलं होतं. जिन्यात कुणी पिचकारी मारली, लाव झेंडा. एसटीचं सीट फाटलेलं दिसलं, लाव झेंडा. देशात जे जे किळसवाणं दिसेल त्यावर तिरंगा चिकटवायचा आणि आपण त्यातले नाही म्हणून खिदळायचं. नाशिकला गंगापूर रोडवर चेंबरमधून ते डोकं वर आलं, तेव्हा हर्षलने फोटो काढला, त्यावर आपलं नाव टाकलं, तीन झेंडे लावले आणि दिला ग्रुपवर टाकून. शब्द एकही लिहिला नाही. ग्रुपवरच्या शहाण्यांना शब्द लागत नाहीत. ओकणारे चेहरे आले, आणखी झेंडे आले. मग फोटो फिरत फिरत या गावात पोचला, आणि इथल्या लोकांना झेंडा म्हणजे झेंडाच वाटतो.

कोपऱ्यातल्या नावावरून रावजीच्या पोराने, वाल्मीकने, त्याला इन्स्टाग्रामवर शोधून काढलं होतं. "सर, तुमचा सत्कार ठेवलाय." हर्षलने 'येतो' असं लिहून टाकलं. ग्रुपवरच्या रोहितला सांगितलं, तर त्याचं उत्तर आलं, "व्हिडिओ काढ भाई, झेंडे आम्ही लावतो." त्यावर हर्षलनेही हसरा चेहरा पाठवला होता. आता तो आठवला की थुंकावंसं वाटत होतं.

वाल्मीकने त्याला खुर्चीवर बसवलं आणि कानाशी वाकून भडाभडा सांगून टाकलं. "बाबा नाशकात सुपरवायझर हायेत, असंच सांगत होतो आम्ही गावात. तुमचा फोटो आला अन् समदं उघडं पडलं. भाऊबंदांनी आमच्या घरचं पाणी सोडलं. उद्या ताईचा साखरपुडा हाय, तर म्हणले आम्ही जेवायला येणार नाय. गावच जेवलं नाय तर पाव्हणे कशाला थांबतील? मग मी झेंडे दाखवले. म्हणलं, शिकलेल्या लोकांनी देशाचा मान दिलाय, तुम्ही कोण नावं ठेवणारे? तवा कुठं गप झाले. सर, तुमचे लय उपकार हायेत."

हर्षलने मान खाली घातली. वाल्मीकला तो विनय वाटला.

शाल झाली, नारळ झाला, चार टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेत हाताची घडी घालून बसलेला एक म्हातारा तेवढा टाळी वाजवेना. तो रावजीचा चुलतभाऊ, झुंबरतात्या.

"झेंडे लावायला काय जातंय?" तो बसल्या जागेवरून म्हणाला. "रावजी, तुझ्या हातानं पेढा भरव पाव्हण्याला. त्यांनी खाल्ला तर उद्या आमचीबी पंगत बसंल."

ओट्याशी उभी असलेली रावजीची पोरगी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, ती थांबली.

रावजीने ताटातला पेढा उचलला. पांढरा सदरा, ताजी दाढी. फोटोतला माणूस हाच, हे सांगूनही खरं वाटलं नसतं. हात त्याने घासघासून धुतले असणार, साबणाचा वास लांबून येत होता. पण नखांच्या कडेला एक काळी रेघ उरली होती. ती कुठल्याच साबणाने जाणारी नव्हती.

पेढा तोंडाजवळ आला आणि हर्षलचे ओठ आपोआप घट्ट मिटले. आपण हसायला म्हणून जी घाण फोनवर पाठवली, ती आता बोटं होऊन ओठांना टेकली आहे असं त्याला वाटलं, आणि असं वाटणाऱ्या स्वतःची त्याला त्याहून जास्त शिसारी आली. तरी तोंड उघडेना. झुंबरतात्या खुर्चीत पुढे सरकला. मागे दोघं-तिघं कुजबुजले. वाल्मीकचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, फक्त डोळ्यांतलं गेलं.

रावजी अजून जवळ आला. शाल नीट करायच्या निमित्ताने वाकला आणि फक्त हर्षललाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलला.

"भाऊ, त्या दिवशी फोटो काढताना तुम्ही हसत होते, ते पाह्यलं मी. त्याचं काय नाय. पण पोरीचा साखरपुडा हाय. तोंड उघडा."