शंका असल्यास विचारा

दारव्ह्याच्या कापसाच्या जिनात आलेले साहेब आजारपणाच्या विम्याची सुधारलेली योजना मजुरांना समजावत होते. "आता सगळ्यांच्या औषधपाण्याची सोय होईल. अट एकच, ज्याला आधीपासून खोकला आहे, त्याला घेता येणार नाही."

रुई नाकातोंडात जाऊन इथं खोकला कोणाला नाही? मग हा विमा कोणासाठी? मैनाबाईच्या मनात लगेच आलं.

"इचार ना व साहेबाले, गप काहून बसली?" शेजारची इंदूबाई कुजबुजली, आणि तिनं घाईघाईनं पदर तोंडात धरला.

मैनाबाईच्या छातीत खोकल्याची उबळ दाटून आली होती. तिनं पदराचा बोळा आणखी आत कोंबला. मागं सगळ्याच बाया तशा बसल्या होत्या.



ती शांतता पाहून साहेब खुलले. "एकालाही शंका नाही, म्हणजे माझं म्हणणं सगळ्यांना पटलं."